रडारला बोट दिसते, पाणी कोण बघणार?

६ जुलै २०२५, रविवारची रात्र. कोर्लईच्या समोर समुद्रात एक संशयित बोट रडारवर दिसली आणि अख्खा रायगड जिल्हा जागा झाला. पोलीस, कोस्टगार्ड, नेव्ही, बॉम्बशोधक पथक, नाकाबंदी, हॉटेल-लॉजची तपासणी, सगळं एका रात्रीत. पावसा-वाऱ्यामुळे समुद्रात जवळ जाऊन बघणंही धड जमेना. आमच्या फॅमिली ग्रुपवर रात्री एक वाजेपर्यंत फॉरवर्ड येत होते, अलिबागला राहणारी आत्या दाराला दुसरी कडी लावून बसली होती, आणि मी ठाण्यात बसून तिला फोनवर "काही होत नाही गं" सांगत होतो, जे मला स्वतःलाही पटत नव्हतं कारण २६/११ ला ते दहा जण समुद्रातूनच आले होते हे कोण विसरणार.

दोन दिवसांनी कळलं की ती बोट नव्हतीच. पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याला बांधलेला बोया होता, म्हणजे जाळ्याची खूण म्हणून सोडलेला तरंगता गोळा, ट्रान्सपाँडरवाला (रेडिओवरून स्वतःची जागा सांगणारा), तुटून वाहत वाहत इकडे आलेला.

लोक हसले, मीम झाले, विषय संपला. मला मात्र तेव्हापासून एकच प्रश्न सतावतोय. बोट आहे का, कोणाची आहे, हे आपण विचारलं आणि ते बरोबरच होतं. पण "हे जे काही आहे ते नुसतं पाण्यावर वाहत आलंय का" हे पहिल्या तासात सांगू शकेल असं आपल्याकडे काही आहे का? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, थंडीत तो उलटा फिरतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी कधीच मांडून ठेवलंय. म्हणजे जुलैमध्ये वरच्या बाजूने सुटलेली वस्तू खाली रायगडात येणं यात नवल काहीच नाही. पण त्या रात्री, त्या तासाला कोर्लईसमोरचं पाणी कुठे चाललं होतं आणि किती जोरात, हे मोजून सांगणारं यंत्र आपल्या किनाऱ्यावर असतं तर निदान एक अंदाज लगेच करता आला असता: ही वस्तू पाण्याच्याच स्पीडने, पाण्याच्याच दिशेने सरकतेय, म्हणजे इंजिन चालू नाही.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस, हरिहरेश्वरला एक बेवारस यॉट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ निघाल्या. पुन्हा हाय अलर्ट. संध्याकाळपर्यंत विधानसभेत खुलासा आला की ती 'लेडी हान', मालकीण ऑस्ट्रेलियन, मस्कतहून युरोपकडे जाताना २६ जूनला इंजिन बिघडलं, माणसांना एका कोरियन जहाजाने वाचवलं आणि यॉट तशीच सोडून दिली. २६ जून ते १८ ऑगस्ट, ५३ दिवस ती अरबी समुद्रात एकटी फिरत होती.

त्याच्याही आधी, २०११. 'पवित' नावाचं हजार टनांचं टँकर, तेही ओमानच्याच बाजूला जूनच्या अखेरीला बंद पडलं, खलाशांना ब्रिटिश नौदलाने उचललं, जहाज वाऱ्यावर. ३१ जुलैला सकाळी ते जुहू बीचवर उभं! महिनाभर वाहत आलेलं जहाज, २६/११ नंतर तीनच वर्षांनी, नौदल, कोस्टगार्ड आणि सागरी पोलीस ही तिन्ही सुरक्षा कडी पार करून थेट भेळपुरीच्या गाड्यांसमोर. तेव्हा पेपरात जाम टीका झाली, रडार कुठे होतं, गस्त कुठे होती, आणि ती टीका योग्य होती.

आता ओमान, जूनचा शेवट, पावसाळा, कोकणपट्टी, हे दोनदा तंतोतंत जुळलंय. मान्य, ही दोन्ही जहाजं नुसत्या पाण्याने आली नाहीत, नैऋत्य मोसमी वाऱ्याने मागून ढकललं. पण मुद्दा तोच. समुद्र वस्तू आणून टाकतो आणि तो कुठे टाकेल याला हिशोब असतो.

माझं म्हणणं असं आहे की २६/११ पासून आपण सगळा पैसा आणि सगळं डोकं बोटी बघण्यावर लावलं, पाणी बघण्यावर जवळजवळ काहीच नाही, आणि पाणी न बघता बोटी बघणं हे अर्धवट काम आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला करंट मोजणारे रडार पाहिजेत, आणि त्यांचा डेटा सगळ्यांना उघडा पाहिजे.

करंट मोजणारा रडार ही भानगड काय आहे ते सांगतो कारण बहुतेकांना रडार म्हटलं की ती गोल फिरणारी पट्टी आठवते. ती वेगळी. २६/११ नंतर कोस्टगार्डने किनारी टेहळणीचं जे जाळं उभारलं, पहिल्या टप्प्यात देशभर ४६ स्टेशनं, त्यात रडार, एआयएस रिसीव्हर (जहाजं स्वतःचं नाव आणि जागा रेडिओवर पाठवतात ते पकडणारे), कॅमेरे आहेत, बरीचशी दीपगृहांच्या जागेवर. ते रडार सरळ रेषेत बघतात, क्षितिजाखाली गेलं की दिसत नाही. म्हणून उंचावर लावतात.

दुसरी जात आहे एचएफ, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी रडारची. ह्याला फिरणारं काही नसतं, किनाऱ्यावर वाळूत किंवा कातळावर उभे केलेले अँटेनाचे खांब, शेजारी एक एसी लावलेली केबिन, बास. हा साधारण ५ ते ४० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतो, म्हणजे आपल्या जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओच्या आसपासचा पट्टा. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे ह्या लहरी समुद्राच्या पृष्ठभागाला चिकटून पृथ्वीच्या गोलाईबरोबर वाकत जातात, ५ मेगाहर्ट्झच्या आसपास दीड-दोनशे किलोमीटरपर्यंत.

आता गंमत. १९५५ मध्ये न्यूझीलंडच्या क्रॉम्बी नावाच्या माणसाच्या लक्षात आलं की समुद्रावरून परत येणारा सिग्नल वाट्टेल तसा येत नाही, एका ठरावीक लाटेवरूनच जोरात परत येतो. कुठली लाट? जिची लांबी रेडिओलहरीच्या बरोब्बर अर्धी आहे ती. रेडिओलहर ६० मीटरची असेल तर समुद्रातली ३० मीटरची लाट. आणि खोल पाण्यात ३० मीटरची लाट किती वेगाने जाते हे गणिताने पक्कं माहिती आहे, ताशी साधारण २५ किलोमीटर. रडारला मात्र ती २६ ने येताना दिसली, तर वरचा एक कोणाचा? पाण्याचा. आपल्या गावचा होडीवाला रोज अर्ध्या तासात पलीकडे जातो आणि आज पंचवीस मिनिटांत पोचला, तर बंदरावर बसलेला कोणीही सांगेल की पाणी त्याच्या बाजूने होतं. एवढंच. अमेरिकेत डॉन बॅरिक वगैरेंनी ७० च्या दशकात ह्याचं मशीन बनवलं.

एका रडारला फक्त पाणी माझ्याकडे येतंय की लांब जातंय एवढंच कळतं, आडवं चाललंय ते नाही कळत. म्हणून जोडी लागते, काही अंतरावर दोन, आणि दोघांचं मिळून पाण्याची दिशा आणि जोर दाखवणारे बाण काढायचे. तासातासाला अख्ख्या पट्ट्याचा नकाशा तयार. तोही वरच्या एक-दोन मीटर पाण्याचा, म्हणजे जिथे तेल तरंगतं, कंटेनर तरंगतो, बोया तरंगतो, आणि वाईट वाटतं लिहायला पण माणूसही तरंगतो, नेमकं ते पाणी.

भारतात हे नाही का? आहे ना! चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने, एनआयओटीने, २००८ ते २०१० च्या दरम्यान दहा रडारचं जाळं उभारलं, पाच जोड्या. गुजरातेत खंबातच्या आखातावर एक जोडी, तामिळनाडूत कल्पाक्कम-कडलूर, आंध्रच्या किनारपट्टीवर मछलीपट्टणम-यानम, ओडिशात गोपाळपूर-पुरी आणि अंदमानात एक. डेटा हैदराबादच्या इन्कॉइसकडे, समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, जातो. ह्या यादीत महाराष्ट्र शोधा. गोवा शोधा. कोकणाला सगळ्यात जवळचा रडार नवसारीजवळच्या वांसी-बोरसीचा, तिथून डहाणू शंभरेक किलोमीटर, आणि त्याचं तोंड खंबातकडे.

त्या वेळेला हे समजण्यासारखं होतं. २००४ ची त्सुनामी पूर्व किनाऱ्याची, चक्रीवादळं तिकडे जास्त, पहिला मान त्यांचा. पण त्यानंतर आपल्याकडे काय काय झालं बघा. ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडावर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो कंटेनर पाण्यात, कुठला कंटेनर कुठे तरंगतोय कळेना म्हणून बंदरातली वाहतूक काही दिवस बंद, तेल पार खाडीतल्या खारफुटीत घुसलं. पुढच्या ऑगस्टला 'रॅक कॅरियर' कोळशासकट मुंबईसमोर बुडालं, पुन्हा तेल. २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ थेट रायगडावर. २०२१ ला 'तौक्ते'.

तौक्तेबद्दल जरा थांबून लिहितो. १७ मेला मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही कामगारांची बार्ज बुडाली, तिच्यावर २६१ माणसं होती. नौदलाने त्या समुद्रात शिरून १८६ जणांना काढलं, ते खरंच शौर्याचं काम होतं. बाकीच्यांचा शोध कित्येक दिवस चालला, आणि मृतदेह लागले कुठे, तर काही रायगडच्या किनाऱ्यावर आणि काही पार वर गुजरातेत वलसाडला. एका जहाजावरची माणसं, एक दक्षिणेकडे एक उत्तरेकडे. आत्याकडे त्या आठवड्यात गेलो नव्हतो पण ती सांगते की लोक सकाळी किनाऱ्यावर फिरायला जायचेच बंद झाले होते. मी असं अजिबात म्हणत नाही की रडार असता तर ते जीव वाचले असते, ती बार्ज तिथे ठेवायचा निर्णय ज्यांनी घेतला त्याचं उत्तर रडार देऊ शकत नाही. पण शोध घेणाऱ्यांना "आधी इथे बघा" हे सांगता येणं आणि घरच्यांना दहा दिवसांऐवजी चार दिवसांत कळणं, याची किंमत कशात मोजणार?

आणि ही काही हवेतली कल्पना नाही. अमेरिकेच्या कोस्टगार्डने २००९ पासून शोधमोहिमेच्या सॉफ्टवेअरमध्ये हा रडारचा डेटा घालायला सुरुवात केली. तिथल्या पूर्व किनाऱ्यासमोर एक तपासणी केली होती, एक तरंगता बोया घेतला आणि चार दिवसांनी तो कुठे असेल याचा अंदाज एकदा नुसत्या कॉम्प्युटरच्या मॉडेलवरून आणि एकदा रडारवरून काढला. मॉडेलने सांगितलेला एरिया ३६ हजार चौरस किलोमीटर, रडारने सांगितलेला १२ हजार. तीनपैकी दोन हेलिकॉप्टर फुकट फिरायची वाचली असं समजा.

आपल्याकडे इन्कॉइसचं 'साराट' नावाचं टूल आहे, २०१६ पासून, हरवलेली वस्तू किंवा माणूस कुठे वाहत जाईल ते सांगतं. चांगलंच आहे. पण त्याच्या पोटात जे करंट जातात ते मॉडेलचे. मॉडेल म्हणजे गणिताने काढलेला समुद्र, आणि किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी, भरती-ओहोटीच्या ओढीत, तिथे त्याचं बरंच चुकतं. मोजलेला समुद्र दिला की ते सुधारतं. ह्यात वाद घालण्यासारखं काही नाही, वाद फक्त पैसे कोणी द्यायचे ह्याचा आहे.

आता जहाजं पकडण्याचा मुद्दा. हे रडार विकणारे आणि त्यावर पेपर लिहिणारे दोघंही हौसेने सांगतात की ह्यातून जहाजंही दिसतात, क्षितिजापलीकडची. ते खरं आहे, मोठं लोखंडी जहाज डॉप्लरमध्ये, म्हणजे परत आलेल्या सिग्नलच्या वेगवारीच्या आलेखात, वेगळं टोक म्हणून उठून दिसतं, अमेरिकेत न्यू जर्सीसमोर ह्यावर बरेच प्रयोग झालेत, एकाच यंत्रातून करंट आणि जहाजं दोन्ही. पण ह्या भरवशावर कोणी विधानसभेत उभं राहून "आता अतिरेकी दिसणार" असं बोललं तर त्याला तिथेच थांबवा. जहाजाचा स्पीड त्या लाटेच्या स्पीडइतका झाला की ते त्याच सिग्नलमध्ये लपतं. करंटसाठी सिग्नलची बरीच मिनिटं सरासरी काढायची असते, जहाजासाठी थोडीच, नाहीतर ते पुढे निघून जातं. आणि लाकडी किंवा फायबरची छोटी होडी, जिची आपल्याला खरी भीती आहे, ती ह्या लांब लहरींना जवळपास दिसतच नाही. २६/११ ला 'कुबेर' ट्रॉलरवरून रबरी डिंगीत उतरून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत आलेले ते लोक एचएफ रडारने पकडले गेले नसते. त्यांना बघितलं ते किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी, विचारलंसुद्धा त्यांनीच.

आणि ह्या माणसांशी आपण कसं वागतो?

वीस मीटरपेक्षा मोठ्या मासेमारी बोटींना एआयएस सक्तीचा आहे, त्याखालच्यांना नाही, आणि कोकणातल्या बहुतेक होड्या त्याखालच्या. हे भोक बुजवायला सरकारने एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर लावायची ३६४ कोटींची योजना काढली, इस्रोचं तंत्रज्ञान, ऑगस्ट २०२४ ला पालघरलाच तिचा शुभारंभ झाला. योजना मला आवडते, दोन्ही बाजूने मेसेज जातो, संकटात बटण दाबता येतं. पण बंदरावर जाऊन विचारा. आत्याच्या शेजारी एक नाना आहेत, चाळीस वर्षं तांडेल म्हणून काढली, आता पोरगा जातो बोटीवर. त्यांना मी विचारलं, "नाना, तुम्ही लावला का तो डबा?" तर म्हणाले, "लावला. आता मी कुठं हाय ते सगल्यांना कलतं. मासली कुठं हाय ते मला कोन सांगनार?"

चेष्टेत बोलले पण वर्मावर बोट आहे. मच्छीमाराच्या डोक्यावरून बघणारी यंत्रणा त्याच्याकडून माहिती घेते, कुठे गेला, किती वेळ थांबला, हद्द ओलांडली का, आणि त्याची ठरलेली जागा, जी तो सख्ख्या भावाला सांगत नाही, ती नकाशावर कुठेतरी ठिपका होऊन बसते. बदल्यात काय? इन्कॉइसचे मासे कुठे मिळतील ते सांगणारे मेसेज मराठीत येतात, ठीक, पण डोल जाळीवाल्याला त्याचा उपयोग किती? डोल म्हणजे एका जागी रोवलेलं, पाण्याच्या ओढीवर तोंड उघडणारं जाळं. त्याचा अख्खा धंदा करंटवर. उधाणाला ओढ जास्त, भांगाला कमी, जवळा-बोंबील त्या हिशोबाने. त्याला पाण्याचा तासातासाचा नकाशा द्या, बघा तो तुमचा डबा स्वतःहून चार्ज करतो की नाही.

म्हणून मी डेटा उघडा ठेवा म्हणतोय. आणि इथे नेहमीचा आक्षेप येतो, सुरक्षेचा. शत्रूला कळेल ना पाणी कुठे जातंय! अहो, भरती-ओहोटीचं टेबल कॅलेंडरवर छापलेलं असतं. जगभराच्या करंटचे मॉडेल उपग्रहाच्या डेटावरून बनतात आणि कोणालाही मोबाईलवर फुकट दिसतात. अमेरिका स्वतःच्या किनाऱ्यावरच्या शंभरावर रडारचे बाण तासातासाला जगाला दाखवते आणि तिला काय कमी शत्रू आहेत? जहाजांचा कच्चा सिग्नल तुमच्याकडे ठेवा, तो नका दाखवू, त्याला माझा काहीच आक्षेप नाही. पाण्याचे बाण दाखवा. एकाच अँटेनातून दोन्ही निघतं म्हणून दोन्हीवर गोपनीयचा शिक्का मारायचा, ही आपली सरकारी सवय आहे आणि माझी खरी भीती तीच आहे. उद्या कोकणात रडार लागतील, फित कापली जाईल, सुरक्षेच्या हेडखाली पैसे आलेले असल्यामुळे सगळं कुलुपात, आणि नाना तिथेच.

अजून एक जागा आहे जिथे हा डेटा आजच्या आज पाहिजे. वाढवण. ७६ हजार कोटींचं बंदर, समुद्रात साडेचौदाशे हेक्टरच्या आसपास भराव. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडे लोक तावातावाने बोलतात, पाण्याचा प्रवाह बदलेल, नाही बदलणार, मासळी जाईल, नाही जाणार. अभ्यास झालेत, अहवाल आहेत, मॉडेलही आहेत. पण डहाणूच्या माणसाला स्वतः रोज उघडून बघता येईल असा मोजलेला नकाशा, भराव पूर्ण व्हायच्या आधीचा आणि नंतरचा, त्याने दोन्ही बाजूंची बडबड निम्म्याने कमी झाली असती. आत्ता रडार लावला तर निदान आजचं पाणी कसं आहे याची नोंद राहील. पाच वर्षांनी लावला तर तुलना कशाशी करणार, आठवणींशी?

जागेचा प्रश्न फारसा नाही. कोर्लई, नानवेल, जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ला, दीपगृहं आहेतच, सरकारी जागा आहे, वीज आहे, रस्ता आहे. एचएफला उंची नको पाणी जवळ पाहिजे, त्यामुळे अँटेना खाली लावावे लागतील, तेवढं बघावं लागेल. खरा प्रश्न नंतरचा. खारी हवा केबल खाते, वीज पडते, वादळात खांब आडवे होतात, आणि दोनातला एक रडार बंद पडला की जोडीचा अर्थच जातो. जो विकत घेईल त्यानेच दहा वर्षांचा देखभालीचा खर्च आणि दोन स्थानिक टेक्निशियन मंजूर करून घ्यावेत, नाहीतर घेऊच नये. रत्नागिरीला फिशरीज कॉलेज आहे, त्यांच्या पोरांना ह्यात घेता येईल.

गणपतीत गावी गेलो तेव्हा नानांना माझ्या फोनवर ते करंटवालं ॲप दाखवलं. जगभराचं मॉडेल, आठ-नऊ किलोमीटरला एक बाण. रेवदंड्याच्या खाडीसमोरचा बाण सरळ जमिनीकडे तोंड करून होता, म्हणजे पाणी कोर्लईच्या किल्ल्यावर चढत होतं. नानांनी चष्मा वर करून बघितलं, मग जेटीच्या कडेला पडलेली नारळाची करवंटी उचलली आणि पाण्यात टाकली. दोघं बघत उभे राहिलो. करवंटी किल्ल्याच्या उलट्या बाजूला निघाली, हळूच, खाडीच्या तोंडाकडे.

"तुझ्या फोनला सांग," म्हणाले.